डगल्याचं माप

क्रुशित्सा, ९ सप्टेंबर २००५

रादोय,

फोनवर तू ओरडतोस आणि मी रडते, म्हणून लिहिते आहे. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही.

घराचा रस्त्याकडचा कोपरा बसला. वरची खोली जिथे रस्त्यावर पुढे आली आहे, तिच्या खालची दगडी भिंत पोटातून फुगली आणि मंगळवारी सकाळी दगड रस्त्यावर आले. कोणाला लागलं नाही. समोर बायका मिरच्या भाजत बसल्या होत्या, त्या पळाल्या. मग मिरच्या करपतील म्हणून परत आल्या. वरची खोली पडली नाही. तिच्याखाली लाकडी टेकू दिले आहेत आणि रस्त्यावर लाल पट्टी बांधली आहे.

ऑगस्टभर वरच्या खोलीत पाणी येत होतं. छताला आतून कोरलेल्या लाकडी सूर्याचे एका बाजूचे किरण काळे पडले आहेत. पाणी भिंतीच्या पोटात उतरलं आणि आतली माती घेऊन गेलं. मला आधी वाटलं, मांजरांनी कौलं सरकवली. मग सरपणाच्या छपरामागे कौलं सापडली. एकावर एक, कडा जुळवून रचलेली. मांजरं रचून ठेवत नाहीत.

तू जूनमध्ये परत निघालास त्या सकाळी मी तुझ्यासाठी मेकित्साच्या पुऱ्या तळत होते. डोक्यावर पावलं वाजली. मी कढई सोडून वर आले नाही. तू खाली आलास, हात धुतलेस, पोटभर खाल्लंस आणि म्हणालास, "पाडायला परवानगी लागते, नेदा. पडायला लागत नाही." मला वाटलं, नेहमीचं बोलतो आहेस.

पूर्वी तू मला काको म्हणायचास, सगळे धाकटे भाऊ थोरलीला म्हणतात तसं. बाबा गेल्यापासून नुसतं नेदा.

मी कोणाला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. अर्धं घर तुझं आहे, हे मी कधी नाकारलं नाही. पण पाऊस अर्ध्या घरात पडत नाही.

बाबांचं मला माहीत आहे, लिहून कळवायला नको. न्हाणीघर आत बांधायचा अर्ज वारसा कचेरीत पडून राहिला, कारण नळ जुन्या भिंतीतून गेला असता. जानेवारीत बाबा अंगणापलीकडच्या संडासाला निघाले आणि बर्फावर घसरले. मी उठून पाहिलं तोवर सगळं संपलं होतं. त्यांच्या मृत्यूची खबर देणारा कागद रीतीप्रमाणे फाटकावर लावायला आपण हातोडी घेतली, तर कचेरीचा माणूस म्हणाला, या फाटकाला खिळा ठोकता येणार नाही. आपण तो कागद दोरीने बांधला. तू त्या दोरीकडे बराच वेळ पाहत होतास. तेव्हापासून तुला हे घर नको आहे. पण बाबांना बर्फाने मारलं, रादोय. घराने नाही.

आता एक चांगली बातमी. तुला ती चांगली वाटणार नाही. वारसा कचेरीच्या द्राग्नेवाबाई येऊन गेल्या. कोपरा सरकारी खर्चाने बांधून मिळणार आहे. हॉटेलवाल्याला तू जागेचं काही कबूल केलं असशील तर त्याला थांबायला सांग.

ओग्न्यानला माझा एक पापा दे. बापाच्या उंचीला आला असेल तर खाली वाकवून दे.

नेदा


क्रुशित्सा, २ ऑक्टोबर

रादोय,

तुझं उत्तर मिळालं. कौलांबद्दल तू एक शब्द लिहिला नाहीस. "माझ्या मालकीच्या घरावर मी चढलो तर त्याचा हिशेब तुला का देऊ," एवढं लिहिलंस. म्हणजे सगळंच लिहिलंस.

भिंत बांधायला उस्ता मिन्चो आला आहे. डोंगरावरच्या गावातला म्हातारा गवंडी. सिमेंट नाही, दगड, चुना आणि मध्ये लाकडाच्या पट्ट्या. गुडघ्यांची तक्रार करतो, माझी घरी गाळलेली राकिया पितो आणि कालव्यापलीकडच्या गवंड्यांना शिव्या देतो. पहिल्या दिवशी त्याने पायाच्या दगडावर कोंबडा कापला. रक्त माझ्या भिंतीला, कोंबडा त्याच्या घरी सुपाला.

भिंत गुडघ्यापर्यंत आली आणि फुगली. त्याने ती उतरवली. पुन्हा कंबरेपर्यंत आणली, पुन्हा फुगली. द्राग्नेवाबाई यंत्र घेऊन आल्या. त्यांना वाटलं खालून पाणी येत असेल. खणून पाहिलं तर माती कोरडी होती. उस्ताने विडी विझवली आणि म्हणाला, "हिला कोंबडा पुरत नाही."

मी विचारलं, "मेंढी देऊ?"

"मेंढीला घर राखता येत नाही, नेदाबाई."

आपण लहान असताना बांधकाम दिसलं की आई आपल्याला रस्त्याच्या पलीकडे ओढायची. ऊन असेल तर पळवत न्यायची. गवंडी तुमच्या सावलीचं माप धाग्याने घेतात, म्हणायची, आणि धागा भिंतीत घालतात. मग भिंत उभी राहते आणि माणूस झिजायला लागतो. कोणी म्हणायचं चाळीस दिवस, कोणी म्हणायचं वर्ष. मेला की तो त्या घराचा राखणदार. तू आपल्याच सावलीवर पाय ठेवून चालायचा प्रयत्न करायचास, म्हणजे ती कोणाला दिसणार नाही. गवंडी पोट धरून हसायचे.

मी उस्ताला म्हटलं, हे दोन हजार पाच साल आहे. तो म्हणाला, "भिंतीला सांगा."

थंडी पडायच्या आत कोपरा उभा राहिला नाही तर वरची खोली उतरवून घ्यावी लागेल, असं द्राग्नेवाबाई म्हणतात. रस्त्यावरून माणसं जातात, जबाबदारी कोण घेणार. वरची खोली गेली की घराचं नाव वारशाच्या यादीतून जाईल. मग तू मोकळा आणि हॉटेलवालाही मोकळा. मी कुठे जाईन हे तू विचारलेलं नाहीस. या घराबाहेर मी एकदाच राहिले आहे, इस्पितळात, आणि तिथे मला झोप लागली नव्हती.

नेदा


क्रुशित्सा, ११ ऑक्टोबर

प्रिय रादोय,

परवा माळ्यावर बाबांचा डगला सापडला. तो जाड लोकरी, डोक्यावर ओढायच्या टोपीचा, टाचेपर्यंत येणारा. घालून उभे राहिले की फोटोतसुद्धा मेंढपाळांचे राजे वाटायचे. कसरीने पाठ खाऊन टाकली आहे. पण नमुना शाबूत आहे आणि मला अजून सुईत दोरा ओवता येतो. तुझ्यासाठी तसाच एक शिवते आहे. हॅम्बर्गला समुद्राचा वारा असतो म्हणे.

सोबत लोकरीचा धागा पाठवते. मापाची टेप नको, टेपचे आकडे मला शिवताना दगा देतात. आई माप घ्यायची ते आठव. भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, डोक्यापासून टाचेपर्यंत धागा, आणि संपतो तिथे गाठ. गाठ आपल्याच हाताने मारायची. तो धागा पाकिटात घालून परत पाठव.

भांडण आहे म्हणून थंडी थांबत नाही. बहिणीचा हट्ट समज. लवकर पाठव. पहिला बर्फ पडायच्या आत हवा.

तुझी,
नेदा


क्रुशित्सा, ६ नोव्हेंबर

प्रिय रादोय,

धागा वेळेवर मिळाला. सोबत चिठ्ठी नव्हती तरी मला राग नाही.

भिंत उभी राहिली. या वेळी ती एकदाही फुगली नाही. उस्ता मिन्चो हत्यारं पुसून घरी गेला, जाताना राकियासुद्धा घेतली नाही. टेकू काढले. द्राग्नेवाबाईंनी कोपऱ्यावर तांब्याची छोटी पाटी बसवली आणि मला कागदावर सही करायला लावली, की परवानगीशिवाय या घराचा एकही दगड हलवणार नाही. मी वाचलं आणि आनंदाने सही केली. तू चिडशील. हॉटेलवाल्याने नदीपलीकडची जागा घेतल्याचं ऐकलं.

घर शांत आहे. इतकं शांत ते कधीच नव्हतं. लाकूड करकरत नाही. ओढून घ्यावी लागणारी दारं नुसती टेकवली तरी बंद राहतात. जिन्यावर पाय ठेवला की पायरी थोडी वर येऊन पाय घेते, असं वाटतं. म्हातारपणी असं वाटत असेल.

एक गोष्ट आहे. दुपारी, स्वच्छ उन्हात, नव्या कोपऱ्यावर एक सावली असते. मी समोर जाऊन पाहिलं. तिथे झाड नाही, खांब नाही, तार नाही. सावली माणसाची आहे, उभ्या माणसाची. ढग आला की जाते आणि ऊन पडलं की त्याच जागी येते. मला भीती वाटली नाही. मला तिची अपेक्षा होती. पण ती उंच आणि फार बारीक आहे. मान थोडी पुढे, हात लांब, केस कपाळावर. इतका बारीक तू कधीच नव्हतास.

हे लिहायचं नव्हतं. लिहिलं आहे तर खोडत नाही.

तुझी तब्येत कशी आहे? झोप लागते? जेवण जातं? मला खरं लिही. डगल्याचं कापड आलं आहे, बेतायला घेते.

नेदा


क्रुशित्सा, २५ नोव्हेंबर

रादोय,

तुझं पत्र आत्ता आलं. उभ्यानेच लिहिते आहे, स्तेफ्का पोस्टाची पिशवी घेऊन दारात थांबली आहे.

तू लिहितोस, "मला काय धाड भरली आहे? मी ठणठणीत आहे. घोर लागला आहे तो ओग्न्यानचा." बास्केटबॉल खेळताना तो खाली बसला आणि त्याला उठता येईना. रक्त चांगलं, हृदय चांगलं, डॉक्टरांना काही सापडत नाही. सकाळी त्याला जागं करायला वेळ लागतो. उन्हात उभा राहिला की थंडी वाजते म्हणतो.

आणि खाली लिहितोस, "डगला कधी पाठवतेस? आजोबांचा फोटो पाहिल्यापासून पोरगा मागे लागला आहे, म्हणून तर त्याचंच माप पाठवलं. गाठही त्यानेच मारली."

मी तुझं माप मागितलं होतं. तुझं, रादोय.

त्याला उन्हात जाऊ देऊ नकोस. खिडक्यांचे पडदे ओढ. त्याला एकटं ठेवू नकोस. बाकी उद्या लिहिते.

नेदा


क्रुशित्सा, १ डिसेंबर

रादोय,

तुझी तार मिळाली. "तू काय केलंस ते लिही." लिहिते.

धागा आला त्या दिवशी मी तो घेऊन खाली गेले. उस्ता मिन्चोने विचारलं, "कोणाचा?" मी म्हटलं, "ज्याने कौलं काढली त्याचा." त्याने छपराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "जिवंत आहे?" मी म्हटलं, हॅम्बर्गला असतो. "म्हणजे आहे," तो म्हणाला आणि कोपऱ्याच्या मोठ्या दगडाखालच्या चुन्याकडे बोट दाखवलं. त्याने धाग्याला हात लावला नाही. ठेवला मी. सुरकुती पडू नये म्हणून बोटाने सरळसुद्धा केला.

ठेवताना मी स्वतःला सांगितलं, या गोष्टींवर आपला विश्वास नाही. विश्वास नसता तर धागा मागवला नसता. मला घर हवं होतं. तू नसतास तरी चाललं असतं, इथपर्यंत माझं मन गेलं होतं. हे तुला कोणी सांगितलं असतं तर तू हसला असतास. हस.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी बस पकडून मी उस्ताच्या गावी गेले. तो गुडघ्याला फडकं बांधून टीव्हीसमोर बसला होता. म्हणाला, माणूस आहे तोवर धागा बाहेर काढता येतो. पण तोच दगड काढावा लागेल, आणि एकदा चव लागलेली भिंत रिकामी राहत नाही. जवळून उन्हात जो जाईल त्याला घेते. मी म्हटलं, चला, आत्ता काढू. तो म्हणाला, "कचेरीच्या पाटीखालचा दगड मी काढला तर मला पुन्हा कोणी काम देणार नाही. तुम्ही सही केली आहे, बाई. आता ती भिंत तुमचीही नाही."

मग मी द्राग्नेवाबाईंकडे गेले. कोपरा उघडायचा आहे, म्हटलं. त्यांनी अर्जाचा कागद पुढे केला. कारण लिहा, म्हणाल्या. मी ओल लिहिलं. त्यांनी ते खोडलं, कारण ओल त्यांनी स्वतः तपासली होती.

"आत माझी एक वस्तू राहिली आहे," मी म्हटलं.

"कोणती?"

"धागा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. त्याही याच डोंगरातल्या आहेत. उठून दार लावलं आणि विचारलं, "कोणाचा?"

"माझ्या भाच्याचा. सतरा वर्षांचा आहे."

त्यांनी खिडकीही लावून घेतली. मग अर्ज माझ्याकडे सरकवला. "हे मी ऐकलेलं नाही, नेदाबाई. ओलच लिहा. वसंतात समिती बसेल, तेव्हा मी बाजूने बोलेन."

"वसंतापर्यंत तो राहणार नाही."

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"घर माझं आहे," मी म्हटलं. हे वाक्य तू त्याच खुर्चीत बसून म्हणाला होतास, बाबांच्या न्हाणीघरासाठी. मी तेव्हा तुझ्या शेजारी बसून तुझी बाही ओढत होते, की हळू बोल.

"घर तुमचंच आहे," द्राग्नेवाबाई म्हणाल्या. "दगड हलवायचा हक्क तुमचा नाही."

बाबांचा अर्जही वसंतातच बघणार होते.

मी कागद त्यांच्या टेबलावर ठेवून आले. अर्ज केलेला नाही. बाबांची कुदळ सरपणाच्या छपराखाली आहे, तुझ्या कौलांच्या शेजारी.

नेदा


क्रुशित्सा, ५ डिसेंबर

रादोय,

काल दुपारी भिंत उघडली.

ऊन होतं. समोरच्या अंगणात बायका कोबीची पिंपं धूत होत्या. मला कुदळ घेऊन येताना पाहून त्यांचे हात थांबले, पण कोणी काही विचारलं नाही. एकीने मुलीला आत नेलं.

सावली तिच्या जागेवर होती. मी दगडाच्या कडेचा चुना फोडायला लागले तेव्हा ती माझ्या हातांवर पडत होती, आणि जिथे पडत होती तिथे माझी बोटं बधिर होत होती. कुदळ धरवेना. मी थांबले आणि म्हटलं, "ओग्न्यान, जरा बाजूला हो, बाळा. आत्याला दिसत नाही."

तो बाजूला झाला.

हे मी पाहिलं. मोठी माणसं म्हणतात ते पटकन ऐकणारी मुलं कशी होतात, हात अंगाशी घेऊन, तसा तो एक पाऊल मागे गेला. त्यानंतर मला थांबता आलं नाही.

तांब्याची पाटी गटारात पडली. मोठा दगड पहारीने पुढे ओढला. खाली चुना वाळून दगडासारखा झाला होता, पण धाग्याभोवती तो ओला होता. धागा कोमट होता. झोपलेल्याच्या हाताखालून पांघरूण काढावं तसा मी तो काढला. गाठ किती घट्ट आहे, रादोय. सगळा जोर लावून मारली आहे त्याने, माझं माप चुकू नये म्हणून.

धागा बाहेर आला आणि भिंतीने श्वास घेतला. आवाज झाला नाही. वरची खोली बोटभर खाली आली आणि छतातून माती गळायला लागली. कोपऱ्यावरची सावली गेली. सगळा दगड लख्ख उन्हात होता, पांढरा, कोरा. मला बरं वाटलं आणि मी भिंतीला टेकले.

तेवढ्यात शाळा सुटली. मुलं रस्त्याने यायला लागली. लाल पट्टी केव्हाच काढलेली होती. ती या बाजूने चालत होती, कारण या बाजूला ऊन होतं. त्यांच्या सावल्या त्यांच्या पुढे होत्या, लांब, आणि भिंतीच्या दिशेने सरकत होत्या. उस्ता काय म्हणाला होता ते तुला लिहिलं आहे.

मी ओरडले असते तर मुलं थांबून बघत उभी राहिली असती.

माझ्या एप्रनच्या खिशात डगल्याची लोकर होती. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. एक टोक डोक्यावर धरलं, दुसरं टाचेखाली दाबलं. स्वतःचं माप स्वतः घेणं अवघड असतं, पण सगळा जन्म मी तेच काम केलं आहे. गाठ मारली. धागा त्याच खाचेत ठेवला आणि दगड खांद्याने आत ढकलला. एवढा मोठा दगड मला ढकलता यायला नको होता. तो आपणहून गेला.

मुलं जवळून गेली. त्यांनी मला नमस्कार केला आणि मीही त्यांना केला.

ओग्न्यान कसा आहे ते कळव. फक्त तेवढंच कळव. माझं काही विचारू नकोस.

नेदा


क्रुशित्सा, जानेवारी. तारीख कळत नाही, बाहेर बर्फ आहे.

प्रिय रादोय,

तुझं पत्र वरच्या खिडकीत बसून वाचलं. पुन्हा वाचलं. तो जेवतो आहे, जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या गाळत उतरतो आहे, त्याच्या आईला उलट बोलतो आहे. उलट बोलतो हे वाचून मला हसू आलं. त्याला बोलू द्या थोडे दिवस.

वर तू 'काको' लिहिलं आहेस. तेही पाहिलं.

डगला पाठवला आहे. बाह्या थोड्या मोठ्या ठेवल्या, त्याची वाढ अजून व्हायची आहे. गळपट्टीच्या आत एक करडा धागा शिवला आहे, गाठीसकट. तो उसवू नका. त्याचं त्याच्याकडे परत गेलं आहे, तिथेच राहू दे.

तू मला न्यायला येतो म्हणतोस. ये, पण न्यायला नको. मी फाटकापर्यंत जाऊ शकते, त्यापुढे पाय उचलत नाही. दुखत काही नाही. भूकही लागत नाही. स्तेफ्का आता आत येत नाही, खिडकीखाली उभी राहून पत्र मागते. काल म्हणाली, "नेदाबाई, हात जरा बाहेर काढा, मला तुम्ही नीट दिसत नाही." मी हात बाहेरच धरला होता.

मला बरंच काही कळायला लागलं आहे. माजघराच्या तुळईत किडा कुठवर आला आहे ते कळतं. जिन्यावर कोणी पाय ठेवायच्या आधी कळतं. अंगणात बाबा जिथे पडले ती जागा कळते. तिथे बर्फ इतर ठिकाणांपेक्षा उशिरा वितळतो, आणि ते मला आतून कुठेतरी गार लागतं. तू म्हणायचास घराने मारलं, मी म्हणायचे बर्फाने. आता मी घराच्या बाजूने काही सांगू शकेन असं तुला वाटेल. मला एवढंच सांगता येतं, की त्यांनी हाक मारली होती आणि भिंती जाड आहेत. न्हाणीघर आपण कोणाला न विचारता बांधायला हवं होतं.

द्राग्नेवाबाई येऊन गेल्या. मी दंडाची वाट पाहत होते. त्यांनी गटारातली पाटी उचलून पुसली. मग कोपऱ्यावर हात ठेवला आणि लगेच मागे घेतला. सोबतच्या माणसाला म्हणाल्या, "गरम आहे." तो म्हणाला, ऊन आहे बाई. ऊन नव्हतं. त्यांनी वर माझ्या खिडकीकडे पाहिलं, मान खाली घातली आणि काहीही न लिहिता गेल्या. यादीत घर 'उत्तम स्थितीत' असल्याचं कळलं.

आता कामाचं. माझा अर्धा हिस्सा तुझ्या नावावर केला आहे, वकील घरी येऊन सही घेऊन गेला. सगळं घर तुझं आहे. हक्काबद्दल तुझ्याशी भांडायला कोणी उरलं नाही. द्राग्नेवाबाईसुद्धा तुला फार आडव्या येणार नाहीत, असं मला वाटतं.

ठेवायचं असेल तर ठेव, आणि पहिलं काम म्हणून आत न्हाणीघर बांध. मी नळाला जागा देईन.

पाडायचं असेल तर पाड, मी अडवणार नाही. पण माणसं लावून, दिवसाउजेडी, एकदाच. शाळेला सुट्टी असेल असा दिवस बघ. कौलं काढून पावसावर सोडू नकोस. जूनमध्ये तू काढलीस त्या जागी मी तीच कौलं परत बसवून घेतली आहेत, तरी पाऊस आला की त्या बाजूने मला अंग चोरून घ्यावं लागतं.

आणि फाटकावर माझ्या नावाचा कागद लावायची वेळ येईल. लोक विचारतील, तेव्हा लाव. बाबांची दोरी स्वयंपाकघरात डाव्या खणात आहे, त्याच दोरीने बांध. खिळा ठोकू नकोस, रादोय. मला दुखेल.

तुझी,
काको